गोधडीची साप्ताहिक बैठक: जागा, कापड, टाका आणि टिकवण्याची रीत

शेजारपाजारच्या चार जणींनी आठवड्यातून एकदा सुई-दोरा घेऊन एकत्र बसायचे, हा बेत सहज ठरतो आणि तितक्याच सहज मोडतो. पहिले दोन-तीन आठवडे उत्साहात जातात, पुढे कोणाकडे पाहुणे येतात, कोणाच्या मुलांच्या परीक्षा लागतात आणि बैठक विरून जाते. याचे कारण बहुधा एकच असते. प्रत्येकीने आपापले काम आणलेले असते, त्यामुळे एखादी आली नाही तरी कोणाचे काहीच अडत नाही. म्हणून बैठक सुरू करतानाच तिची स्वतःची अशी एक गोधडी लावावी, जी कोणा एकीची नसेल आणि दर आठवड्याला जमिनीवर अंथरली जाईल. जागा केवढी लागेल, माणसे किती घ्यावीत, कोणत्या महिन्यात काय करावे, हे सगळे मग त्या गोधडीवरूनच ठरत जाते.

जागा आणि माणसे

एका पलंगाची गोधडी साधारण सव्वादोन मीटर लांब आणि एक मीटरपेक्षा थोडी अधिक रुंद होते. तिच्या चारही बाजूंना मांडी घालून बसता यावे इतकी जागा धरली, तर सुमारे चौदा फूट बाय दहा फूट मोकळी जमीन लागते. मुंबईतील जुन्या बीडीडी चाळीतील खोली एकशे साठ चौरस फुटांची. म्हणजे कपाट, पलंग आणि मोरी सोडून तेथे हे जमणे कठीण. मुंबईत घर हे या कामासाठी शेवटचा पर्याय समजावे. सोसायटीचे सभागृह, समाजमंदिर, एखाद्या वाचनालयाची दुपारी रिकामी असणारी खोली किंवा शाळा सुटल्यानंतरचा वर्ग, यांपैकी काही मिळते का ते आधी पाहावे. सोसायटीच्या सभागृहासाठी सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्यात वार, वेळ व माणसांची संख्या स्पष्ट नमूद करावी, कारण तोंडी परवानगी समिती बदलली की संपते. गणेशोत्सवात आणि नवरात्रात ही सभागृहे मंडळांकडे असतात, हे गृहीत धरून त्या आठवड्यांची सोय आधीच करून ठेवावी.

जमीन मात्र उघडी फरशीचीच हवी. सतरंजी अंथरून तिच्यावर गोधडी पसरण्याचा मोह होतो; तो टाळावा, नाहीतर तासाभराने गोधडी उचलताना सतरंजीही तिच्याबरोबर उचलली जाते. फरशीचा आणखी एक उपयोग असा की, सुईचे टोक तिला टेकल्याची बारीक टकटक बोटांना जाणवते आणि सर्व थर टोचले गेल्याची खात्री होते. त्यामुळे टोके लवकर बोथट होतात, पण सुया स्वस्त असतात.

गोधडीभोवती एका वेळी सहा जणी बसू शकतात: लांबीच्या बाजूंना दोन-दोन आणि रुंदीच्या बाजूंना एक-एक. यादीत दहा ते बारा नावे असली, तर गैरहजेरी धरून ही सहाची संख्या टिकते. त्याहून अधिक जणी झाल्यास दुसरी बैठक काढावी. पहिलीच फुगवत नेऊ नये. सदस्य शक्यतो चालत येऊ शकणाऱ्या असाव्यात. दादरच्या बैठकीला मुलुंडहून येणारी कितीही हौशी असली, तरी रविवारच्या मेगाब्लॉकपुढे हौस टिकत नाही. नोकरी करणाऱ्या अधिक असतील तर शनिवारची दुपार बरी. घरी असणाऱ्या अधिक असतील तर मधल्या वारी दोन ते साडेचार ही वेळ उत्तम, कारण तेव्हा जेवणे आटोपलेली असतात, उजेड भरपूर असतो आणि मुले शाळेतून यायची असतात. आपल्या भागात पाणी कधी येते तेही विचारून घ्यावे. पाण्याच्या वेळेला लावलेली बैठक कोणीही पाळत नाही. एकदा ठरलेला वार मात्र कोणाच्याही सोयीसाठी बदलू नये. तीन जणीच आल्या तरी गोधडी अंथरावी.

कापड

वापरून मऊ झालेल्या सुती साड्यांइतके चांगले कापड गोधडीला दुसरे नाही. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते; ती मध्ये कापली की पावणेतीन मीटरचे दोन भाग मिळतात, म्हणजे एकाच साडीत एका पलंगाच्या गोधडीची वरची आणि खालची अशी दोन्ही अंगे निघतात. नऊवारी मिळाली तर ती सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते आणि तिच्यातून आतला एक थरही निघतो. आत तीन ते चार थर पुरेत. त्याहून जाड केली तर मुंबईच्या हवेत ती वर्षभर कपाटातच राहते आणि शिवणारणीची बोटेही दुखतात. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टर यांना स्पष्ट नकार द्यावा. ते कापड सरकते, टाक्याखाली चुण्या धरते आणि घाम शोषत नाही.

सुती साड्या मिळवण्याची युक्ती अगदी साधी आहे: बोहारीण येण्यापूर्वी सदस्यांना सांगून ठेवावे. स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात गेलेली साडी परत येत नाही. ठिगळांसाठी रंगीत तुकडे हवे असतील तर जवळच्या शिंप्याकडे पिशवी ठेवून यावी. आठवड्याभरात चिंध्यांनी ती भरते. नवे कापड घ्यायचेच झाले तर मंगलदास मार्केटला जावे, आणि दोरे, लेस, अस्तर यांसाठी भुलेश्वरच्या गल्ल्या पालथ्या घालाव्यात.

कपडे स्वीकारताना एक गोष्ट संकोच न करता विचारावी. काहींना दिवंगत आजीची साडी गोधडीत यावी अशीच इच्छा असते, तर काहींना गेलेल्या माणसाचे वस्त्र, विशेषतः बाळाच्या दुपट्यात, मुळीच चालत नाही. कोणाला काळा रंग नको असतो. यात बरोबर-चूक ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. दिलेल्या प्रत्येक साडीची वहीत एका ओळीत नोंद ठेवावी, म्हणजे पुढे रुसवेफुगवे होत नाहीत.

सर्व कापड शिवण्यापूर्वी धुतलेच पाहिजे. एक तर साडीत खळ राहिली असेल तर सुई अडते. दुसरे म्हणजे नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि जुन्या थरांबरोबर शिवलेले असल्यास सगळी गोधडी आकसते. रंगाची परीक्षाही आधीच घ्यावी. साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दोन मिनिटे दाबून धरावा. फडके रंगले तर ती साडी वेगळी पुन्हा पुन्हा धुवावी, आणि तरीही रंग जातच राहिला तर ती आतल्या थरातही घालू नये, कारण तेथूनही रंग बाहेर झिरपतो.

अंथरणे आणि कच्चा टाका

पहिली पूर्ण बैठक केवळ अंथरण्यासाठी राखून ठेवावी. खालचे अंग उलटे पसरावे, त्यावर एकेक थर घालून प्रत्येक वेळी मध्यापासून कडेकडे तळहाताने सारवल्याप्रमाणे हात फिरवावा, आणि शेवटी वरचे अंग सुलट घालावे. आतल्या तुकड्यांचे जोड एकावर एक येऊ देऊ नयेत, नाहीतर तेथे गाठोडे होते. मग एक-एक वितीच्या अंतरावर उभे-आडवे लांब कच्चे टाके घालावेत. हे काम कंटाळवाणे असल्याने ते टाळण्याकडे सर्वांचा कल असतो. आपली गोधडी कडेपासून आत शिवत नेतात, त्यामुळे जास्तीचे कापड हळूहळू मध्याकडे ढकलले जाते आणि शेवटी तेथे झोळ पडतो. हा झोळ रोखण्याचे काम फक्त कच्चे टाके करतात. ज्या बैठकीला एक दुपार त्यांच्यासाठी देता येत नाही, तिने गोधडी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कडा आत दुमडून त्यांवर पहिली ओळ घातली की खरी शिलाई सुरू होते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया आपल्या कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना त्रिकोणी तुकड्यांची ‘फुले’ लावतात. तशी सजावट करायची असल्यास ती याच वेळी कडेत अडकवून घ्यावी, मागाहून नीट बसत नाही.

धावदोरा आणि अनेक हात

टाका एकच, धावदोरा. हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढाच दोरा घ्यावा. लांब घेतला तर वेळ वाचत नाही, गुंता वाढतो. सुती जाड दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की तो फुगत नाही. गाठ वर दिसू देऊ नये. जेथून टाका सुरू करायचा त्याच्या अंगठाभर अलीकडे सुई फक्त वरच्या कापडातून आत घालावी, ठरलेल्या जागी बाहेर काढावी आणि दोऱ्याला हलका हिसका द्यावा. ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन गाठ आत शिरते आणि थरांमध्ये अडकून राहते. सुईवर एका वेळी तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढावा. मधल्या बोटात अंगुस्तान घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, कारण चार थरांतून सुई ढकलताना उघडे बोट फार काळ तग धरत नाही.

दोन ओळींमध्ये एका बोटाचे अंतर ठेवावे. प्रत्येकीने आपल्या बाजूचा पट्टा शिवावा आणि शेजारणीच्या हद्दीत चार टाके चढवून थांबावे, म्हणजे जोड सुटत नाही. कोणाचा हात घट्ट असतो, कोणाचा सैल. घट्ट हाताच्या दोघी शेजारी बसल्या तर ती बाजू आवळते आणि गोधडी तिरकी होते, म्हणून दर आठवड्याला जागा बदलाव्यात. एकीचे टाके दुसरीने उसवू नयेत. तांदळाच्या दाण्याएवढे टाके आणि गव्हाच्या दाण्याएवढे टाके एकाच गोधडीत नांदू शकतात. उसवण्यावरून मोडलेली बैठक मात्र पुन्हा जमत नाही.

सुरुवातीला सहा जणींना भरपूर काम असते. चारही बाजूंनी हातभर रुंदी भरली की बाहेर बसून मध्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि गोधडीवरच बसून शिवावे लागते. शेवटच्या पट्ट्यात तर दोघींपेक्षा अधिक मावत नाहीत. उरलेल्या जणींचे काय करायचे याचा विचार आधी केला नाही, तर नेमक्या याच टप्प्यावर हजेरी घटते. म्हणून प्रत्येकीच्या पिशवीत स्वतःचे एक लहान काम असलेच पाहिजे.

हाताशी दुसरे काम

लहान काम असे निवडावे की ते दुपारभरात कोठेही थांबवता येईल. नवशिक्यांनी धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका आणि कडेसाठी काजटाका या क्रमाने जावे. एवढ्या चार टाक्यांवर रुमाल, उशीचे अभ्रे आणि चाळीस इंचांचे चौकोनी दुपटे आरामात होते. हात बसलेल्यांनी मॅटी कापडावर, म्हणजे धागे मोजता येतील अशा विणीच्या कापडावर, कशिदा घ्यावा. धारवाडकडच्या कसुती या भरतकामात गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके आहेत. त्यांपैकी गवंती आणि मुरगी धागे मोजून जाताना एक घर सोडत आणि परतताना ते भरत घालतात, त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजूंना नक्षी सारखीच दिसते. ज्यांना धावदोरा येतो त्यांना हे पटकन जमते.

शिकवण्याला ठरावीक जागा द्यावी, उदाहरणार्थ पहिला अर्धा तास. बैठकीचा वर्ग झाला की चांगले शिवणाऱ्या जणी सतत इतरांच्या चुका सुधारत बसतात आणि त्यांचे स्वतःचे काम राहते. डोळे अधू झालेल्या आजींसाठी मात्र एखाद्या तरुण सदस्येने आल्या आल्या वीस सुया ओवून सुया खोचण्याच्या छोट्या गादीत खोचून ठेवाव्यात. ओवण्यात वेळ गेला नाही तर त्याच आजी सर्वांपेक्षा जास्त ओळी घालतात. सुया सुरुवातीला मोजून द्याव्यात आणि शेवटी मोजून घ्याव्यात. एक कमी भरली तर लोहचुंबक फिरवून ती सापडेपर्यंत कोणी उठू नये, कारण त्याच फरशीवर संध्याकाळी मुले खेळतात.

वर्षाचा क्रम

गोधडी दिवाळीनंतर लावावी आणि मेअखेर संपवावी. पावसाळ्यात मुंबईत जाड गोधडी धुतली तर वाळत नाही, आणि अर्धवट काम घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले तर त्याला बुरशी येते. जून ते सप्टेंबर हे महिने भरतकामाचे आणि दुपट्यांचे. या काळात सुयांना गंज चढतो. त्या लोकरीच्या तुकड्यात खोचून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. अपुरी राहिलेली गोधडी जुन्या सुती चादरीत गुंडाळावी आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात एकदा दोन्ही अंगांनी तापवून मगच पुढे शिवावी.

खर्च फारसा नसतो. चहा, दोरा, सुया आणि जागेचे भाडे यांपुरती महिन्याची वर्गणी काढून ती वहीत लिहावी. भिशी याच बैठकीत घुसवू नये. पैशांची वाट पाहणाऱ्या जणींचे टाक्यांकडे लक्ष राहत नाही. नोंदणीची घाईही नको. देणग्या घ्यायच्या आणि बँकेत संस्थेच्या नावाने खाते काढायचे असेल तेव्हाच 1860च्या संस्था नोंदणी कायद्याचा विचार करावा. त्यासाठी किमान सात सदस्य लागतात.

तयार गोधडी कोणाला द्यायची हे मात्र पहिला टाका पडण्यापूर्वी ठरवून वहीत लिहावे. चिठ्ठी टाकणे सर्वांत सोपे; नाहीतर वस्तीतल्या एखाद्या बाळंतिणीला किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती द्यावी. विकायची असल्यास किमतीत फक्त दोरा आणि कापड धरू नये, सहा जणींच्या दुपारीही धराव्यात. मिळणाऱ्या व्यक्तीला धुण्याची रीत सांगूनच ती सोपवावी: वॉशिंग मशीनमध्ये न घालता टपात सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवावी, पिळू नये, आणि पाणी निथळल्यावर नायलॉनच्या दोरीवर न टाकता गच्चीच्या कठड्यावर आडवी पसरावी, कारण भिजलेल्या गोधडीचे वजन ती दोरी पेलत नाही.