म्हैस पिसाळल्याची शंका आली तर
म्हैस वैरण सोडते, लाळ गाळते, घोगऱ्या आवाजात सारखी रेकते, मागचे पाय लटपटतात. घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालायचा मोह होतो, तो टाळाच. रेबीजमध्ये गिळण्याचे स्नायू लुळे पडतात आणि विषाणू लाळेत असतो. कुत्रा चावल्याची खूण दिसेलच असं नाही.

जनावर वेगळं बांधा, पशुवैद्यकाला बोलवा. ओरखड्याला लाळ लागली असेल तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा (हळद-चुना नको) आणि त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) गाठा. दंडाच्या स्नायूत द्यायची लस ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. सीरमचं (विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचं) डॉक्टर ठरवतील.

दूध कट्ट्यावरचं (जिथे गिऱ्हाइकासमोरच म्हशीची धार काढतात) धारोष्ण दूध कोल्हापूरकरांना कितीही प्रिय असो, अशा म्हशीची धार काढूच नका. उकळल्यावर विषाणू मरतो, पण धार काढणाऱ्याला लाळ लागायचा धोका राहतोच.