एक्स-रे फिल्ममधला कॉन्ट्रास्ट कसा समजून घ्यावा

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा म्हापसा, फोंड्याच्या एखाद्या खासगी केंद्रातून मिळालेले एक्स-रेचे मोठे पाकीट आपण घरी जपून आणतो. पण ते उघडून पाहिल्यावर काळ्या-पांढऱ्या छटांपलीकडे हाती फारसे काही लागत नाही. एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून काम करताना रुग्णांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच, "फिल्म चांगली आली ना?" चांगली म्हणजे उजळ आणि चकचकीत, असा त्यामागे समज असतो. फिल्म किती उजळ आहे यापेक्षा शेजारशेजारच्या दोन गोष्टींमध्ये किती फरक दिसतो हे महत्त्वाचे, आणि त्या फरकालाच कॉन्ट्रास्ट म्हणतात. हा लेख वाचून कोणी निदान करू नये. ते डॉक्टरांचे काम आहे. डॉक्टर फिल्मवर बोट ठेवून काय सांगत आहेत हे कळावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

सर्वप्रथम फिल्म नीट धरावी. उघड्या ट्यूबलाइटसमोर धरल्यास मधोमध प्रकाशाचा पट्टा दिसतो आणि कडेचे बारकावे बुडतात. त्यापेक्षा ढगाळ आकाशाकडे उघडणारी खिडकी बरी. पावसाळ्यातले आपले आभाळ या कामाला उत्तम. तेही नसेल तर संगणकाचा कोरा पांढरा पडदा चालतो. नाव, तारीख आणि डाव्या-उजव्या बाजूची खूण आधी वाचावी, आणि छातीचा एक्स-रे असेल तर रुग्ण आपल्याकडे तोंड करून उभा आहे अशा रीतीने फिल्म धरावी, म्हणजे त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते.

आता आपण पाहतो आहोत ती सावली आहे, हे मनात पक्के करावे. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने असत. जिथे दोन शिंपले एकमेकांवर आलेले असत, तिथे आत येणारा उजेड आणखी मंद होई. शरीरातून जाणाऱ्या क्ष-किरणांचेही तसेच होते. मऊ ऊतींचा साधारण ३ ते ४ सेंटिमीटरचा थर निम्मे किरण अडवतो, त्यामुळे २० सेंटिमीटर जाडीच्या पोटातून शंभरातले जेमतेम दोन-तीन किरण सरळ पलीकडे पोहोचतात. एक फरक मात्र लक्षात ठेवावा: किरण जिथे पोहोचतात तिथे फिल्म काळी होते आणि जिथे अडतात तिथे पांढरी राहते, म्हणजे इथली सावली पांढरी असते.

यानंतर फिल्मवर पाच छटा शोधाव्यात. हवा काळी दिसते, चरबी गडद राखाडी, पाणी व मऊ ऊती फिकट राखाडी, हाड पांढरे आणि धातू सर्वांत पांढरा. छातीच्या फिल्मवर फुप्फुसातली हवा, हृदयाची सावली आणि बरगड्या सहज सापडतात. सोन्याची साखळी काढायची राहून गेली असेल तर पाचवी छटाही समोर येते. या पाचांपैकी तिसऱ्या छटेवर थोडा वेळ थांबावे. स्नायू, रक्त, यकृत, हृदयाची भिंत, साठलेले पाणी हे सारे त्या एकाच छटेत येते. म्हणून साध्या एक्स-रेमध्ये हृदयाचा आकार दिसतो, पण आतले कप्पे दिसत नाहीत, कारण भिंत आणि तिच्या आतले रक्त यांत क्ष-किरणांना पुरेसा फरक सापडत नाही.

हाड इतके वेगळे का दिसते? हाडात कॅल्शियम असते आणि त्याचा अणुक्रमांक २० आहे. मऊ ऊती मुख्यतः हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांच्या बनलेल्या असतात. कमी ऊर्जेचे किरण शोषले जाण्याचे प्रमाण साधारणपणे अणुक्रमांकाच्या घनाच्या पटीत वाढते, त्यामुळे अणुक्रमांकातला लहानसा फरकही फिल्मवर मोठा होऊन उतरतो. किरणांची ऊर्जा वाढवली की हा लाभ झपाट्याने ओसरतो. ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण सेंटिमीटरमागे अडवण्याची टणक हाडाची क्षमता स्नायूच्या सुमारे सहापट असते, तर १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला ती जेमतेम दुप्पट उरते. यंत्राला दिलेला विद्युतदाब (किलोव्होल्ट) जितका जास्त, तितकी किरणांची ऊर्जा जास्त; म्हणूनच हाताच्या पंजाचा एक्स-रे ५० किलोव्होल्टच्या आसपास काढतात आणि छातीचा मात्र बहुधा ११० ते १२५ किलोव्होल्टवर. छातीच्या फिल्मवर बरगड्या फिक्या दिसल्या तर तो दोष समजू नये. त्या मुद्दाम फिक्या केलेल्या असतात, कारण डॉक्टरांना त्यांच्यामागचे फुप्फुस पाहायचे असते.

कॉन्ट्रास्ट बिघडवणारी मोठी गोष्ट म्हणजे विखुरलेले किरण. पावसाळ्यात चोर्ला घाटातल्या धुक्यातून रात्री गाडी चालवली असेल त्याला हे लगेच समजेल: दिव्यांचा झोत मोठा केला तर रस्ता अधिक दिसण्याऐवजी समोर पांढरा पडदाच उभा राहतो. शरीरात शिरलेल्या किरणांपैकी बरेचसे असेच दिशा बदलतात, फिल्मवर कुठेही पडतात आणि साऱ्या चित्रावर राखाडी थर चढवतात. पोटासारख्या जाड भागात, काही उपाय केला नाही तर, सरळ आलेल्यांपेक्षा असे भरकटलेले किरणच अधिक असतात. १९१३ मध्ये जर्मनीत गुस्ताव बकी यांनी शिशाच्या पट्ट्यांची जाळी पुढे आणली. ती सरळ येणाऱ्या किरणांना वाट देते आणि तिरके किरण अडवते. आजही एक्स-रेच्या टेबलाला आम्ही 'बकी' म्हणतो ते त्यांच्याच नावावरून. दुसरा उपाय साधा आहे, तो म्हणजे गरजेपुरताच भाग किरणांखाली घेणे. "आलोच आहे तर कंबरही त्यातच येऊ दे," असा आग्रह अनेकजण धरतात. तो धरू नये. क्षेत्र वाढले की धुके वाढते आणि अंगावर पडणारे किरणही वाढतात.

सर्वांत उपयोगी पायरी म्हणजे कडा पाहणे. दोन वेगळ्या छटा शेजारी असतील तरच त्यांच्यामध्ये कड दिसते. हृदयाची कड रेखीव दिसते, कारण तिला लागून फुप्फुसातली हवा असते. न्यूमोनियात तिथला हवेचा भाग द्रवाने भरला की दोन्हीकडे एकच छटा येते आणि कड पुसली जाते. बेंजामिन फेल्सन यांनी १९५० मध्ये या खुणेला 'सिलहूट साइन' या नावाने रूढ केले. काय दिसते याबरोबरच दिसायला हवे होते ते कुठे नाहीसे झाले, हेही डॉक्टर शोधत असतात, ते यासाठी.

याचीच दुसरी बाजू मी एकदा अगदी जवळून पाहिली. डिचोलीकडच्या एक आजी माशाचा काटा घशात अडकला म्हणून आल्या होत्या. मानेच्या एक्स-रेवर काटा दिसला नाही, तेव्हा मुलगा सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "काका, फिल्म स्वच्छ आहे, म्हणजे काटा गेला ना?" आजी मात्र गिळताना दर वेळी उजव्या बाजूला गळ्यावर बोट ठेवत होत्या. डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिले आणि केसाहून थोडा जाड, नखाएवढा काटा चिमट्याने काढून बशीत ठेवला. बारीक काट्यात कॅल्शियम इतके थोडे असते की भोवतालच्या ऊतींपेक्षा त्याची छटा वेगळी उठत नाही. सगळ्या माशांचे काटे फिल्मवर उमटत नाहीत. उलट वयस्क माणसाच्या घशातली कूर्चा कॅल्शियम साठून पांढरी होते आणि काट्यासारखी भासते. आपल्याकडे रोजच्या ताटात मासे असतात, म्हणून हे आग्रहाने सांगतो: फिल्म कोरी आली तरी टोचणे थांबले नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावेच. केळे किंवा भाताचा गोळा गिळून काटा ढकलू नये.

जिथे नैसर्गिक फरक नसतो तिथे तो बाहेरून निर्माण करतात. अन्ननलिका व आतड्यांसाठी बेरियम, रक्तवाहिन्या व मूत्रमार्गासाठी आयोडीनयुक्त औषध. त्यांचे अणुक्रमांक ५६ आणि ५३, म्हणजे हाडातल्या कॅल्शियमच्या कितीतरी पुढे. पूर्वी अशा औषधाची ॲलर्जी आली असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल, तर तपासणीपूर्वी न विचारताही सांगावे.

शेवटी डिजिटल प्रतिमेविषयी. आता बहुतेक ठिकाणी प्रतिमा संगणकावर येते आणि हजारो छटांपैकी कोणता पट्टा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणून दाखवायचा हे नंतर ठरवता येते. याला 'विंडो' म्हणतात. एकाच नोंदीतून हाडासाठी एक आणि फुप्फुसासाठी दुसरे चित्र काढता येते, मात्र मुळात नोंदलाच न गेलेला फरक त्यातून निघत नाही. छापलेली फिल्म म्हणजे त्यातली एकच निवडलेली विंडो. तिचा मोबाइलवर फोटो काढून मुंबई-पुण्याच्या नातेवाईक डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवला, की मोबाइल आपल्या मनाने काळे-पांढरे बदलतो आणि राखाडीतले बारीक फरक आधी मरतात. म्हणून केंद्रातून निघण्यापूर्वी डायकॉम (वैद्यकीय प्रतिमा मूळ छटांसह साठवण्याचे प्रमाण) स्वरूपातली सीडी मागून घ्यावी, आणि दुसरे मत हवे असेल तर तीच मूळ फाइल पाठवावी.