गेमिंग कीबोर्डचे आरजीबी दिवे: हवा तोच रंग कसा मिळवावा

आरजीबी म्हणजे तांबडा, हिरवा आणि निळा उजेड मिसळून रंग करणारे दिवे. कीबोर्ड यूएसबी हबला न लावता थेट संगणकाला जोडा. त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाका आणि फर्मवेअर (कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. अपडेट चालू असताना वायरला हात लावू नका.

आधी एक खात्री करा. काही स्वस्त कीबोर्डांवर प्रत्येक ओळीला एकेक रंग कारखान्यातच ठरलेला असतो आणि खोक्यावर मात्र 'रेनबो' असं छापलेलं असतं. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर रंग बदलू शकत नाही, त्यामुळे त्यात संध्याकाळ घालवू नका. काहींमध्ये तीन-चार पट्ट्यांचे रंग बदलतात. प्रत्येक बटणाचा रंग वेगळा हवा असेल तर 'पर-की आरजीबी'च लागतो.

दिव्यांचा ताबा एकाच सॉफ्टवेअरकडे ठेवा. 'ओपनआरजीबी' (अनेक कंपन्यांचे दिवे चालवणारं मोफत सॉफ्टवेअर) आणि कंपनीचं सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवलीत तर दोघं एकाच दिव्यावर आळीपाळीने लिहीत राहतात. मग दिवे लुकलुकतात आणि लावलेला रंग उडतो. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून स्वतःचं 'डायनॅमिक लायटिंग' आलं आहे. ते सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशनखाली सापडेल. कंपनीचं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर हे डायनॅमिक लायटिंग बंद करा. कीबोर्ड खराब निघाला म्हणून परत करायला निघालेल्या कितीतरी लोकांना मी एवढंच करायला सांगितलं आहे.

आता दिव्यांमधून फिरणारी रंगांची लाट थांबवून 'स्टॅटिक' म्हणजे स्थिर रंग निवडा. लाट चालू ठेवून रंग पारखता येत नाही.

यापुढचा टप्पा नीट वाचा, कारण माझे कित्येक तास यातच गेले. मला डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं नारिंगी हवी होती. सॉफ्टवेअरच्या रंगचक्रात सुरेख नारिंगी निवडला, आकडे होते २५५, १६५, ० (तांबडा, हिरवा, निळा या क्रमाने, प्रत्येक ० ते २५५ मधला). बटणं पेटली ती पिवळीधमक, वर किंचित पोपटी झाक. मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, केबल बदलली, कीबोर्ड रीसेट केला. फरक शून्य. 'रंगाचा कोड टाका, झालं' असा सल्ला जिथे तिथे मिळतो, तो चुकीचा आहे.

शेवटी एक कीकॅप, म्हणजे बटणाची टोपी, उपसून आत पाहिलं. दिव्याच्या इवल्याशा चौकोनात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन ठिपके शेजारीशेजारी होते. निळा विझलेला होता, तांबडा आणि हिरवा जळत होते, आणि हिरवा हवा त्याहून कितीतरी जास्त. कारण असं: संगणकाचा पडदा दिलेला आकडा जसाच्या तसा उजेडात उतरवत नाही. ० ते २५५ मधला १२८ म्हणजे निम्मा आकडा, पण पडद्यावर त्याचा उजेड कमाल उजेडाच्या जेमतेम २२ टक्के असतो. कीबोर्डचा दिवा मात्र बहुतेक वेळा सरळ हिशेबाने चालतो, १२८ दिले की निम्मा उजेड. त्यामुळे मधले आकडे कीबोर्डवर फार भडक होतात आणि रंग फिकटतो. शिवाय आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत जास्त जाणवतो.

म्हणून हिरवा निर्दयपणे कमी करा. नारिंगीसाठी २५५, ७०, ० पासून सुरुवात करून पाच-पाचने वरखाली करा. गुलाबीचा पडद्यावरचा कोड २५५, १९२, २०३ आहे. तो टाकलात तर बटण जवळपास पांढरं दिसेल, २५५, ३०, ८० च्या आसपास शोधा. पांढऱ्यासाठी तिन्ही २५५ ठेवले की बहुधा निळी झाक येते. तांबडा तसाच ठेवून आधी निळा वीस-वीसने उतरवा, मग गरज वाटली तर हिरवा. तपकिरी आणि करडा यांच्या मागे लागू नका. तपकिरी म्हणजे उजळ पार्श्वभूमीवरचा मंद नारिंगी, आणि करडा म्हणजे मंद पांढरा. दिव्यात ते तसे दिसतच नाहीत.

पारखताना बटणांवर पांढरा कागद आडवा धरा. काळ्या कीकॅपमधून डोकावणाऱ्या बारीक अक्षरावरून रंगाचा अंदाज चुकतो, कागदावर तो पसरून खरा दिसतो. खोलीतला दिवाही खेळताना असतो तसाच ठेवा.

आणि क्रम चुकवू नका: आधी ब्राइटनेस ठरवा, मग रंग. ब्राइटनेस १० टक्क्यांवर आणलात की ७० चा हिरवा ७ वर येतो. इतक्या लहान आकड्यांत बारीक छटा उरत नाहीत आणि जमवलेला नारिंगी लालसर होतो. मी रंग आधी जमवले होते, मग रात्री उजेड कमी केला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

रंग दोन घ्या, फार तर तीन: एक मंद पाया, एक हालचालीच्या बटणांना, एक ज्या बटणांवर बोट चुकतं त्यांना. वेगळ्या गेमसाठी वेगळं प्रोफाइल (रंगांचा साठवलेला संच) हवं असेल तर ते त्या गेमच्या एक्झी फाइलला, म्हणजे गेम सुरू करणाऱ्या फाइलला, जोडून द्या.

मनासारखं झालं की कीबोर्डच्या अंतर्गत मेमरीत साठवा. 'सेव्ह' दाबलं म्हणजे तिथे गेलंच असं धरू नका, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते फक्त संगणकावर राहतं. 'ऑनबोर्ड मेमरी' किंवा 'हार्डवेअर लायटिंग' नावाचा वेगळा पर्याय शोधा. गेमप्रमाणे बदलणारे किंवा आवाजावर नाचणारे इफेक्ट्स त्यात सहसा मावत नाहीत, साधे स्थिर रंग मावतात. मग सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, वायर काढून दुसऱ्या संगणकाला लावा आणि तीच चार बटणं बघा. पुन्हा इंद्रधनुष्य फिरायला लागलं तर साठवण झालेली नाही.