तुराट्यांची कोळीण (जाळं विणणारी, आठ पायांची), पोट्ट्यांच्या हातची

तूर काढून झाली की धुऱ्यावर तुराट्यांचा ढीग पडलेलाच असतो, त्यातल्या बोटाएवढ्या जाड, सरळ बघून घ्या. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, नको, वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते, ती शाळेत कशाला आणता. बाकी सुतळी, बाइंडिंग तार, रद्दी पेपर, कणकेची खळ आणि सरकीसकट मूठभर कापूस.

आधी मोबाइलवर लुईस बुर्ज्वाच्या शिल्पाचा फोटो दाखवा. पॅरिसमध्ये जन्मलेली बाई, १९९९ मध्ये तिनं जवळपास ३० फूट उंच कोळीण केली, स्टीलची, पोटाखाली संगमरवरी अंड्यांची पिशवी, नाव ठेवलं 'मामाँ', म्हणजे आई. तिची माय भिंतीवरचे जुने विणलेले पडदे दुरुस्त करायची, आणि कोळीणही विणते, म्हणून कोळीण. एवढंच सांगा, लेक्चर नको.

मग विचारा, तुझी माय दिवसभर हातानं काय काय करते? इथं घाई करू नका बापा. पोट्टे आधी "स्वयंपाक" म्हणून मोकळे होतात, जरा थांबलं की निंदण, कापूस वेचणं, रात्री गोधडीचे टाके, सगळं निघतं. आई नसेल तर आजीचं, मोठ्या बहिणीचं चालतं, पण हे सगळ्यांना मिळून आधीच सांगा, त्या एकट्या पोराला बाजूला घेऊन नाही.

पहिली पिशवीच करायची, कोळीण नंतर. घरून आणलेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सरकीचा कापूस भरा, तोंड सुईदोऱ्यानं शिवा. बोटानं दाबलं की आत सरकी टोचते, तीच अंडी.

पायाला दोन-दोन तुराट्या, गुडघ्याशी तारेनं आवळून वरून सुतळी, तारेची टोकं आत वळवा. आठही पायांची वरची टोकं एकत्र बांधा आणि त्या गाठीवरच खळीचे पेपर गुंडाळत जा, तो झाला पुढचा भाग. मागचं पोट वेगळं, मोठं, त्याला एकही पाय नाही, सगळे पाय पुढूनच निघतात, आणि पोट्टे हमखास पोटालाच चिकटवायला बघतात. उंचीपेक्षा पायांचा घेर जास्त ठेवा नाहीतर कोलमडते.

चांगलं कडक ऊन खाऊ द्या. रंगाला कोळसा कुटून खळीत कालवला की झालं, पिशवी मात्र रंगवू नका, टांगायची सगळ्यात शेवटी. आणि पोरं खालून रांगत जातील इतकी उंच करा, नाहीतर मजा नाही.