कॅप्चर कार्ड कसं निवडावं, कसं जोडावं आणि पहिलं रेकॉर्डिंग वाया कसं जाऊ देऊ नये

खोक्यावर ठळक अक्षरांत '४के' छापलेलं असतं आणि घरी येऊन बघावं तर रेकॉर्डिंग त्याहून कमी बारकाव्याच्या १०८०पीचं, तेही सेकंदाला ३० फ्रेमचं, म्हणजे ३० चित्रांचं. कॅप्चर कार्ड, म्हणजे गेमचं चित्र आणि आवाज रेकॉर्डिंगसाठी कम्प्युटरपर्यंत पोहोचवणारं उपकरण, घेताना फसगत होते ती बहुतेकदा इथेच. तो मोठा आकडा कार्डात शिरू शकणाऱ्या सिग्नलचा असतो. रेकॉर्ड किती होणार, हे आत कुठेतरी बारीक अक्षरांत दिलेलं असतं.

मुळात कार्ड लागणार आहे का, हे आधी ठरवा. गेम कम्प्युटरवरच चालत असेल तर सहसा नाही, ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर गेम थेट रेकॉर्ड करतं. कन्सोलमध्येही (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रात) रेकॉर्डिंगची सोय असते, पण तिला मर्यादा आहेत. प्लेस्टेशन ५ खेळून झालेला जास्तीत जास्त शेवटचा एक तास जपून ठेवतो, निन्टेन्डो स्विच फक्त शेवटचे ३० सेकंद. तासन्‌तास सलग रेकॉर्डिंग आणि आपल्या माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर हवा असेल, तर कार्ड घ्याच.

निवडताना तीन आकडे वेगवेगळे वाचा: इनपुट, पासथ्रू आणि कॅप्चर. इनपुट म्हणजे कार्ड काय स्वीकारतं, पासथ्रू म्हणजे टीव्हीकडे काय पुढे पाठवतं आणि कॅप्चर म्हणजे कम्प्युटरला काय देतं. माझं मत विचाराल तर कॅप्चर १०८०पी आणि ६० फ्रेम एवढं बहुतेकांना पुरतं. पासथ्रूत मात्र तडजोड नको, कारण खेळताना डोळ्यांसमोर तेच असतं. तुमचा कन्सोल आणि टीव्ही १२० हर्ट्झवर (सेकंदाला १२० चित्रं) चालत असतील आणि कार्ड ६०वर अडत असेल, तर रेकॉर्डिंगपायी खेळण्यातली मजाच कमी होते. ४के आणि १२० हर्ट्झ एकत्र हवं असेल तर पासथ्रू एचडीएमआय (कन्सोल टीव्हीला जोडणारी केबल) २.१चा लागतो, एचडीएमआय २.० साधारण ४के ६०पर्यंतच जातो.

यूएसबीची आवृत्तीही बघा. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. प्रत्येकाला १६ बिट आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर दर सेकंदाला जवळपास २ गिगाबिट माहिती वाहते. यूएसबी २.०ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट. त्यामुळे असं कार्ड चित्र आधी दाबून लहान करतं, आणि गवत, पाऊस, धूर अशा बारीक हालचालींच्या दृश्यांत त्याचे चौकोनी डाग दिसतात. यूएसबी ३.० सेकंदाला ५ गिगाबिट वाहून नेतं, म्हणून तेच घ्या. प्लगच्या निळ्या रंगावर विसंबू नका, तपशिलाच्या यादीत आवृत्ती वाचा. लॅपटॉप असेल तर बाहेरून जोडायचं कार्डच घ्यावं लागेल. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेसचा (आतली कार्डं बसवायचा) रिकामा स्लॉट असेल तर आत बसणारं कार्डही चालतं.

आता जोडणी. कन्सोलची एचडीएमआय केबल कार्डाच्या 'इन'मध्ये लावा, 'आउट'मधून दुसरी केबल टीव्हीला न्या आणि यूएसबी केबल थेट कम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये घाला. मध्ये हब नको. खेळायचं टीव्हीकडे बघून. कम्प्युटरवरचं चित्र किंचित उशिरा येतं आणि त्यावर नेम धरता येत नाही.

प्लेस्टेशनवर इथे पडदा काळा दिसेल. कारण एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं संरक्षण. प्लेस्टेशन ५वर सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय या वाटेने जाऊन 'एनेबल एचडीसीपी' बंद करा. ते बंद असताना चित्रपटांची काही ॲप चालत नाहीत, म्हणून नंतर आठवणीने चालू करा. प्लेस्टेशन ३वर ही सोयच नाही; त्याच्यासाठी कंपोनंट केबल आणि ती स्वीकारणारं कार्ड लागतं.

मग ओबीएसमध्ये 'सोर्सेस'खालच्या अधिकच्या चिन्हावरून 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' जोडा आणि यादीतून कार्ड निवडा. रिझोल्यूशन 'कस्टम' करून १९२० बाय १०८० आणि ६० एफपीएस स्वतः भरा. ओबीएसच्या मुख्य व्हिडिओ सेटिंग्जमध्येही हेच आकडे हवेत. तरीही चित्र येत नसेल तर दुसरं एखादं ॲप कार्ड अडवून बसलेलं नाही ना, हे पाहा. कम्प्युटर अशा कार्डाला बहुधा वेबकॅमच समजतो, त्यामुळे कॅमेऱ्याची परवानगी बंद असली तरी पडदा काळाच राहतो.

आवाजाकडे जरा जास्त लक्ष द्या. एकदा मी दोन तास खेळून एक अवघड लढाई जिंकली आणि फाइल उघडली तर ती पूर्ण मुकी होती. तो खेळ पुन्हा तसा जमला नाही, आणि ती हळहळ अजून आहे. ओबीएसच्या ऑडिओ मिक्सरमध्ये कार्डाच्या नावापुढची पट्टी हलते का, हे आधी बघा. हलत नसेल तर त्या सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये 'यूज कस्टम ऑडिओ डिव्हाइस'वर खूण करून कार्डाचं नाव निवडा.

रेकॉर्डिंगचा फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. वीज गेली किंवा कम्प्युटर अडकला तरी तोवरचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं. साधी एमपी४ फाइल अशा वेळी उघडतच नाही. एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग) ग्राफिक्स कार्डाचा निवडा, म्हणजे प्रोसेसरवर फारसा भार येत नाही. सेकंदाला ४० मेगाबिट एवढ्या बिटरेटला तासाला साधारण १८ गिगाबाइट जागा लागते, तेवढी डिस्कवर मोकळी आहे ना, हे पाहून घ्या.

यानंतर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि ती फाइल हेडफोन लावून शेवटपर्यंत बघा. रंग धुतल्यासारखे फिकट दिसले तर कन्सोलचा एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारा मोड) बंद करून पुन्हा बघा. काळा रंग राखाडी झाला किंवा अंधारातले तपशील बुडाले, तर कन्सोलची आरजीबी रेंज आणि ओबीएसमधली कलर रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची मर्यादा, जुळत नाही. दोन्हीकडे 'लिमिटेड' किंवा दोन्हीकडे 'फुल' ठेवा. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला एमकेव्ही चालत नसेल तर ओबीएसच्या 'फाइल' मेन्यूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' आहे. दर्जा जराही न घटता त्याची एमपी४ होते.