सीईटीत परसेंटाइल चांगलं आलं, तरी यादीच्या तळाची कॉलेजं आधी ठरवा

अभियांत्रिकीच्या सीईटीत पंच्याण्णवच्या वर परसेंटाइल आलं की घरात पुण्या-मुंबईचीच नावं निघतात. पसंतीची कॉलेजं क्रमाने भरायच्या ऑप्शन फॉर्मचा वरचा भाग त्यांनी भरतो आणि तळाची नावं घाईत, न बघता टाकली जातात. आम्ही उलट सांगतो: तळाची तीन-चार कॉलेजं आधी ठरवा. ती नक्की मिळणारी हवीत, चार वर्षांची फी झेपणारी हवी आणि लेकरू तिथे राजीखुशीने जाणारं हवं. यातलं एक जरी नसेल तरी ते नाव खोडा.

नक्की मिळेल का, हे राज्याच्या सीईटी सेलच्या जुन्या कट-ऑफ याद्यांवरून, म्हणजे कोणती शाखा किती नंबरावर बंद झाली त्या याद्यांवरून कळतं. त्यात परसेंटाइलपेक्षा मेरिट नंबर बघा, कारण जागा नंबराने मिळते. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीचा कट-ऑफ धरू नका. तोवर बऱ्याच जागा सुटलेल्या असतात आणि आकडा फसवा सैल दिसतो. पहिल्या फेरीचा धरा. मुलाचा नंबर 12,000 असेल, तर मागची दोन्ही वर्षं 16,000 च्या पुढे बंद झालेली शाखाच पक्की समजा. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी, शिरपूरचं आर. सी. पटेल, बांभोरीचं एसएसबीटी ही खान्देशातली जवळची नावं, पण कॉलेज जवळचं म्हणून तिथलं कॉम्प्युटर पक्कं होत नाही. प्रत्येक शाखा वेगळी तपासा.

यादीतल्या प्रवर्गाच्या कोडचं शेवटचं अक्षरही वाचा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, एस म्हणजे राज्यस्तर. जळगाव, धुळे, नंदुरबारमधून बारावी केलेल्याला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या कॉलेजांत एच लागू होतो, पुण्यात ओ. दहावी खान्देशात झाली आणि बारावीला मूल लातूरला पाठवलं, तर होम युनिव्हर्सिटी बारावीच्या ठिकाणाची धरतात. मग जळगावातही ओ. पुष्कळ पालकांना हे फॉर्म भरताना कळतं.

आता फी. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसची जागा मागता येते. तिच्यात शिक्षणशुल्क माफ होतं, पण विकास शुल्क आणि इतर फी भरावीच लागते, आणि नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. शिवाय जागा मंजूर संख्येच्या 5 टक्केच, म्हणून तिचा कट-ऑफ बहुतेक वेळा खुल्या जागेपेक्षा वर जातो. टीएफडब्ल्यूएस तळाचा आधार नव्हे; ती यादीत वर टाका आणि त्याच शाखेची साधी जागा खाली ठेवा.

साध्या जागेवरही खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मं शिक्षणशुल्क मिळतं; उत्पन्नाची अट तीच. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना उत्पन्नाच्या याच अटीवर 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेच्या प्रगती योजनेत मुलींना वर्षाला 50,000 रुपये आहेत. केंद्राची बारावीच्या गुणांवरची शिष्यवृत्ती पहिली तीन वर्षं 12,000 देते, पण दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेतली तर ती मिळत नाही. हिशोब करून एकच निवडा.

राज्याची फीमाफी कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून, प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यात किंवा खासगी विद्यापीठात ती गेली, हे धरूनच चला. कॉलेज स्वतःची गुणवत्ता सवलत देऊ करत असेल तर लेखी घ्या: किती वर्षं, आणि किती सीजीपीए टिकवला तर.

क्रम लावताना भीतीपोटी पक्कं कॉलेज वर टाकू नका. 2025-26 च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला मिळाला तर तो घ्यावाच लागतो. पुढच्या फेऱ्या बंद. यंदाच्या पुस्तिकेत हा नियम पुन्हा बघून घ्या.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी निकालाआधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा असतात आणि सर्व्हर बसतो. केळी-कापसाचं उत्पन्नही दाखल्यात धरलं जातं. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे पैसे अडकतात.