टाइमटेबलमधले रिकामे चौकोन

जर्मनीत पहिल्या सत्राचं टाइमटेबल हातात पडलं की पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला आधी हसूच येतं. आठवड्याला सोळा-अठरा तास लेक्चर, शुक्रवार अख्खा मोकळा, हजेरी कुणी घेत नाही, युनिट टेस्ट नाही, टर्मवर्क नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मी माग्डेबुर्गला मास्टर्सला आले. शाळेत हवेच्या दाबाच्या धड्यात दोन अर्धगोल आणि ते ओढणारे घोडे होते ना, ते हेच गाव. आल्या आल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ला मिळाला, "फर्स्ट सेम चिल असतं, आधी जॉब पकड." असा सल्ला देणाऱ्याला एकच विचारा: पहिल्या सत्राचे किती क्रेडिट सुटले? पुढे बहुतेक वेळा शांतता असते.

एपीएस (आपल्या पदव्यांची पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंट (आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, त्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कम सुटते), पत्त्याची नोंदणी यावर मी काही लिहीत नाही. ते सगळं करूनच तुम्ही इथवर आलात. आठवड्याचं मात्र कुणी सांगत नाही.

हिशेब साधा आहे. एका सत्राला 30 क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तास काम धरलेलं असतं. म्हणजे सत्राचे 750 ते 900 तास. परीक्षेचे आठवडे धरून वीसेक आठवडे मोजा, तरी आठवड्याला चाळीसच्या आसपास येतात. टाइमटेबलवर दिसतात त्यातले निम्मेसुद्धा नाहीत. उरलेले तास त्या रिकाम्या चौकोनांत असतात. ते चौकोन मोकळे समजून वेअरहाऊसच्या शिफ्टला दिले, की ऑक्टोबर छान जातो आणि जानेवारीत तोंडाला फेस येतो.

आता मी ज्यात सापडले ते सांगते, आणि जरा लांबण लावून सांगते, कारण ते वाचून कळत नाही.

लेक्चरसोबत बहुतेक विषयांना 'उबुंग' असते, म्हणजे ट्युटोरियल. दर आठवड्याला एक शीट येते, चार-पाच प्रश्नांची. कम्प्युटर सायन्सकडच्या काही विषयांत 'व्होटिरुंग' नावाची पद्धत आहे. यात वही जमा करायची नसते, कुणी तपासत नसतं. उबुंगच्या सुरुवातीला यादी फिरते आणि तुम्ही ज्या प्रश्नांची उत्तरं काढली आहेत त्यांच्यापुढे स्वतःच टिक करायची. मग ट्युटर टिक केलेल्यांपैकी कुणालाही फळ्यावर बोलावतो. माझ्या एका विषयाला दोन-तृतीयांश प्रश्नांवर टिक आणि सत्रात दोनदा फळ्यावर उभं राहणं एवढं झालं, तरच परीक्षेला बसता येत होतं.

आपल्याकडच्या सबमिशनवर पोसलेल्या मनाला यात लगेच फट दिसते. टिक तर आपणच करायची! आणि सीनियरांचं ड्राइव्ह असतंच. प्रत्येक शहरात असतं, लिंक पहिल्या आठवड्यातच येते, त्यात मागच्या चार बॅचची सोडवलेली शीटं. मंगळवारी रात्री उतरवून घ्यायचं, बुधवारी टिक. पुण्यात याला आपण 'असाइनमेंट छापणं' म्हणायचो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, सरांनासुद्धा.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी माझं नाव आलं. प्रश्न डिसिजन ट्रीचा होता, म्हणजे माहितीची पायरीपायरीने विभागणी करायच्या पद्धतीचा: दिलेल्या तक्त्यावरून पहिली विभागणी कोणत्या गुणधर्मावर करायची. मी सगळी आकडेमोड फळ्यावर लिहिली, उत्तरही बरोबर. ट्युटर आमच्याहून दोन सत्रं पुढचा विद्यार्थी, एकदम शांत. त्याने विचारलं, तक्त्यातली ही एक ओळ खोडली तर हाच गुणधर्म राहील का? मी खडू धरून उभी. वर्गात बाकी कुणी हसलं नाही, कुजबुजलं नाही. तो "ओके, थँक यू" म्हणाला आणि त्याने यादीवर माझ्या नावापुढच्या त्या शीटच्या सगळ्या टिका खोडल्या. एका प्रश्नाची नाही, अख्ख्या शीटची. नियमच तसा होता, पहिल्या दिवशी स्लाइडवर होता.

खरा फटका तो नाही. एखादी शीट गेली तर पुढे भरून काढता येते. फटका असा की ड्राइव्हमुळे तुम्हाला आठवडाभर वाटत राहतं की आपण विषयासोबत आहोत. टिका जमतात, परीक्षेची पात्रता मिळते, आणि परीक्षेत तीच "ही ओळ खोडली तर?" छापाची बारा वाक्यं समोर येतात. मार्कांना दुसरा आधार नसतो, बहुतेक विषयांत शंभर टक्के शेवटच्या एका पेपरवर. आणि 'पीएलमध्ये बघू' म्हणाल तर पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, नावाचा प्रकार इथे नाही. जानेवारीच्या शेवटी लेक्चर संपतात आणि लागलीच पेपर सुरू होतात. मधली नाताळची सुट्टी पीएल म्हणून धरणारे बरेच असतात. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडतो, वसतिगृह निम्मं रिकामं होतं. त्या दोन आठवड्यांत दहा आठवड्यांचं कंट्रोल थिअरी किंवा मशीन लर्निंग उरकतं असं ज्याला वाटतं त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

घाबरवायचं म्हणून लिहीत नाहीये. शीट स्वतः सोडवायला लागल्यावर तीच व्होटिरुंग माझ्यासाठी सगळ्यात फायद्याची ठरली. तीन प्रश्न आले आणि दोन नाही आले, तर तिनावरच टिक करा. कुणी कमी लेखत नाही. फळ्यावर जाऊन "इथपर्यंत कळलं, पुढे अडलं" म्हटलेलं बहुतेक ट्युटरांना चालतं, उलट त्यांना तेच आवडतं. आपल्या व्हायवाची भीती इथे आणू नका.

तर माझा आठवडा पुढे असा बसला. सोमवार-मंगळवार लेक्चर. नऊचं लेक्चर म्हणजे सव्वानऊ, वेळेपुढे 'सी.टी.' लिहिलं असेल तर पंधरा मिनिटं सोडून सुरू होतं, 'एस.टी.' असेल तर ठोक्याला. दुपारी मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवण, तिथेच शीटवरची पहिली चर्चा. बुधवारी उबुंग. गुरुवारी एक लेक्चर, संध्याकाळी जर्मन. शुक्रवार, जो सगळ्यांना सुट्टीचा वाटतो, तो शीटचा: सकाळी लायब्ररीत एकटीने, दुपारी जोडीदारासोबत. जोडीदार पहिल्या दोन आठवड्यांतच धरा, नंतर सगळ्यांचे गट पडलेले असतात. आणि माझं ठाम मत, पटो न पटो: निदान एका विषयाला मराठी जोडीदार घेऊ नका. मराठीत आपण "अगं ते तसंच असतं" म्हणून पुढे जातो. माझी जोडीदार इराणची होती, तिला 'तसंच' चालत नसे.

शनिवारी बाजार, कारण रविवारी दुकानं बंद. बेकरी काही तास उघडी असते, बाकी शुकशुकाट. 2023 चं लक्ष्मीपूजन नेमकं रविवारी आलं आणि आमच्या मजल्यावर बेसन संपलेलं. दोन ट्राम बदलून एका ओळखीच्या घरून अर्धा किलो आणलं तेव्हा लाडू झाले. शनिवारी कणीक, डाळ, दही, कांदे एवढं पाहिलं तरी आठवडा निभतो. कुकरभर वरण आणि भाजलेला मसाला करून ठेवला की रोज वीस मिनिटांत ताट होतं. रोज साग्रसंगीत स्वयंपाक करणारे रूममेट प्रेमळ असतात, पण रात्री अकराला भांडी घासत असतात.

नोकरीबद्दल. गरज असते, मला होती. कर्जाचा हप्ता सांगलीत वडिलांच्या डोक्यावर आहे हे विसरता येत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमधून सप्टेंबर 2024 पासूनच्या आकड्याप्रमाणे महिन्याला 992 युरो सुटतात. लहान शहरात, वसतिगृहात, त्यात भाडं, विमा, जेवण भागतं. म्हणून पहिले तीन महिने नोकरी न धरता काढता येत असतील तर काढा. नियमाने 2024 च्या मार्चपासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं आणि सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या आत राहायचं. पण वीस ही वरची मर्यादा आहे, लोक ती टार्गेट समजतात. विद्यापीठातल्याच 'हिवी'च्या, म्हणजे विद्यार्थी-सहायकाच्या, कामाचे दिवस त्या 140 मध्ये मोजत नाहीत, आणि ज्या विषयात तुम्ही फळ्यावर नीट उत्तर दिलंत त्याच विषयाचा ट्युटर पुढच्या सत्रात तुमचं नाव सुचवू शकतो. वेअरहाऊसची रात्रपाळी धरलीच तर निदान मंगळवारी धरू नका.

घरच्या फोनची वेळ ठरवून टाका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. इथले संध्याकाळचे पाच म्हणजे घरी साडेनऊ. त्यानंतर आई जागी राहते पण पेंगत बोलते. आठवड्यातून दोनदा नीट बोललेलं रोजच्या "जेवलीस का"पेक्षा बरं, हे आईला पटायला वेळ लागतो.

आणि परीक्षेची नोंदणी. विषय शिकलात, पात्रता मिळवलीत म्हणून नाव आपोआप लागत नाही. पोर्टलवर ठरावीक दिवसांत स्वतः नोंदवावं लागतं, आणि ती खिडकी साधारण तुम्ही शीटांमध्ये बुडालेले असता तेव्हाच उघडते. रद्द करण्याचीही तारीख असते. ती उलटल्यावर गैरहजर राहिलात आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र नसेल, तर थेट 5.0, म्हणजे नापास. बहुतेक अभ्यासक्रमांत एका विषयाला तीनच प्रयत्न मिळतात आणि तिसरा गेला की नाव कमी होतं; केटी घेऊन, म्हणजे नापास विषय मागे ठेवून, वर्षानुवर्षं चालवता येत नाही. पण पहिला प्रयत्न गेला म्हणून आभाळ कोसळत नाही, इथली जर्मन मुलंही सर्रास एखादा पेपर पुढच्या सत्रावर ढकलतात. तयारी नसेल तर तारखेच्या आत नाव मागे घ्या, चारच विषय द्या. नोंदणी झाली की पावतीचं पीडीएफ उतरवून ठेवा, आणि पेपरच्या आदल्या आठवड्यात खोली क्रमांक पुन्हा बघा, तो बदलतो.